सात वितींचे पांघरूण

आग्नेसबाई तुस्कानो यांची आणि माझी ओळख नालासोपारा पश्चिमेला, आमच्या सोसायटीच्या कार्यालयात झाली. तेथे दर रविवारी दुपारी प्रौढांचा साक्षरता वर्ग भरतो आणि मी त्या वर्गाची विद्यार्थिनी आहे. पहिल्या दिवशी मला ज्या सतरंजीवर जागा मिळाली, तिच्या दुसऱ्या टोकाला त्या पुस्तक हातभर लांब धरून बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या पोलक्याच्या खांद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा खांदा कोणी शिवला? उतरतोय." तेव्हापासून आमची मैत्री आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातले काही मी स्वतः पाहिले आणि बाकीचे त्यांनी मला सांगितले. त्या घरी आपल्या गावच्या बोलीत बोलतात. ती बोली मला लिहिता येत नाही, म्हणून त्यांचे बोलणे मी माझ्या मराठीत मांडले आहे.

आग्नेसबाई गास गावच्या. त्यांनी लग्न केले नाही. वडील लवकर गेले, धाकटी बहीण स्टेफी लहान होती आणि आईला वाडीचे काम एकटीने ओढवत नव्हते. तेव्हा मोठ्या मुलीने शिवणयंत्र धरले आणि ते पुढे सुटलेच नाही. स्टेफीचे शिक्षण, तिचे नंदाखालला झालेले लग्न, आईचे आजारपण, हे सर्व त्या यंत्रावर पार पडले. आग्नेसबाई स्वतः मात्र शाळेची पायरी चढल्या नाहीत.

शिंपीण आणि निरक्षर, हे कसे जमले असे वाचणाऱ्यास वाटेल. टेपेवरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून त्या दोऱ्याने माप घेत. प्रत्येक बाईचा एक दोरा असे. खांद्याला एक गाठ, छातीला दोन जवळजवळ गाठी, कमरेला एक सैल गाठ. भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि तिच्यावर सगळ्या गावातल्या बायका दोऱ्यांच्या रूपाने लटकत होत्या. कोणी नवे पोलके टाकायला आली की आग्नेसबाई तिचा दोरा अचूक काढत आणि म्हणत, "बघू, दोरा पुरतो का तूच वाढलीस."

त्यांची दुसरी एक रीत होती. कपडा शिवून झाला की कापताना निघालेली सगळी कातरण, अगदी बोटभर चिंधीसुद्धा, एका पुरचुंडीत बांधून त्या कपड्याबरोबर परत देत. गिऱ्हाइके हसत, कचरा कशाला देता म्हणून विचारत. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते : कचरा असेल तर तुमच्या घरच्या केरात टाका, माझ्या घरी तो राहायचा नाही. शिंप्याची कात्री कापडाबरोबर विश्वासही कापते, असे त्यांच्या आईचे म्हणणे होते. आईचे ते शब्द त्यांनी जन्मभर पाळले. आग्नेसने कापड मारले असे बोलणारे माणूस त्या पंचक्रोशीत नव्हते. त्यांच्यापाशी दागिना म्हणून जे काही होते ते हेच होते.

आई गेल्यावर तिचे लाल चौकड्यांचे एक लुगडे मागे राहिले. ते जागोजागी विरले होते. जे धड होते ते आग्नेसबाईंनी धाग्याच्या रेषेवर फाडून काढले. त्यातून एक चार वितींचा चौकोन निघाला आणि एक तीन वितींचा. मोठा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि लहान स्टेफीला दिला. आईचे शेवटपर्यंत त्यांनीच केले होते, म्हणून त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. स्टेफीनेही तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही. पण न बोललेली गोष्ट पेटीच्या तळाशी ठेवलेल्या कापडासारखी असते. ती विरत नाही, उलट तिला घड्या पडतात.

गेल्या वर्षी स्टेफीबाईंची मुलगी जेसिका हिला मुलगा झाला. बाळाचा बाप्तिस्मा पावसाळ्यानंतर करायचे ठरले. तेव्हा आग्नेसबाईंच्या मनात आले की आईच्या लुगड्याचे दोन्ही तुकडे जोडून बाळाला एक पांघरूण करावे. त्या स्वतः नंदाखालला गेल्या आणि बहिणीपुढे त्यांनी ही गोष्ट मांडली.

स्टेफीबाई तयार झाल्या, पण दोन अटी घालून. पांघरूण चौकोनीच झाले पाहिजे, कारण चारही बाजूंना त्या स्वतःच्या हातची क्रोशाची झालर लावणार होत्या. आणि दोन्ही तुकड्यांतली एक चिंधीही बाहेर राहता कामा नये. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सोनार आईच्या नथीतलं सोडत नाही म्हणतात. शिंपीण बहिणीच्या पदरातलं सोडेल का?"

आग्नेसबाईही हसल्या. हसता हसताच बहिणीने विचारले की पांघरूण होईल तरी केवढे. आणि येथे, जिने आयुष्यात कोणाला एक बोट खोटे माप सांगितले नव्हते, तिच्या तोंडून चूक बाहेर पडली.

"तुझे तीन, माझे चार. सात वितींचं होईल."

त्यांनी वितीवितीला गाठ मारलेला एक दोरा बहिणीला झालरीच्या मापासाठी दिला आणि लहान तुकडा घेऊन त्या घरी आल्या. स्टेफीबाई त्याच संध्याकाळी सुई घेऊन बसल्या. एका बाजूला सात, अशा चार बाजू. शेजारीपाजारी सर्वांना कळले की आईच्या लुगड्याचे सात वितींचे पांघरूण होणार आहे.

गासला आग्नेसबाईंनी जमीन पुसली आणि दोन्ही तुकडे मांडले. मोठा चौकोन एका कोपऱ्यात ठेवला, लहान त्याच्या समोरच्या कोपऱ्यात तिरपा भिडवला. सात विती लांबी झाली, सात विती रुंदीही झाली. पण उरलेले दोन कोपरे मोकळे होते आणि त्यांतून खालची लादी दिसत होती. प्रत्येक मोकळी जागा तीन विती रुंद आणि चार विती लांब. त्या दोन भोकांना पुरेल एवढे आईचे लुगडे जगात कोठेही शिल्लक नव्हते.

सात होणार नव्हते एवढे त्यांना समजले. मग किती होईल? ते मात्र काही केल्या समजेना. पोलके असते तर दोऱ्याने सांगितले असते. येथे दोराच मुका झाला होता.

त्याच दिवशी फोन करून चूक सांगून टाकावी असे त्यांच्या मनात आले होते. मी तरी तेच केले असते. पण त्यांनी मला नंतर समजावले की "सात नाही होणार" एवढेच सांगितले असते तर बहिणीने "मग किती?" असे विचारले असते, आणि कारण न सांगता कमी माप सांगणे म्हणजे शिंप्याने कापड मारल्याची कबुली. आधी स्वतःला कळू द्यावे, मग दुसऱ्याला सांगावे, हा त्यांचा विचार होता.

रविवारी वर्ग सुटल्यावर सगळे उठले तरी त्या बसून राहिल्या. आम्हांला शिकवणाऱ्या संपदा टीचर वयाने आमच्या नातींएवढ्या आहेत. त्या आठवडाभर मुंबईला नोकरी करतात आणि सुट्टीचा दिवस आम्हांला देतात. आग्नेसबाईंनी वर्तमानपत्राचे दोन चौकोन पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली.

टीचरनी फळ्यावर दोन्ही चौकोन काढले आणि त्यांत वितीवितीच्या चौकटी आखल्या. आम्ही मोजल्या. लहानात तीन त्रिक नऊ, मोठ्यात चार चोक सोळा. नऊ आणि सोळा पंचवीस. आणि पाचा पाचा पंचवीस. म्हणजे पाच वितींचा चौकोन.

"मावशी, पाच येईल," टीचर म्हणाल्या.

मला ते लगेच पटले. आग्नेसबाईंना पटले नाही. पंचवीस झाले हे ठीक आहे, त्या म्हणाल्या, पण तीन आणि चार यांच्यात हे पाच लपले होते कुठे? मला ते डोळ्यांनी दाखवा.

तेव्हा टीचरनी फळ्यावर एक काटकोन काढला, म्हणजे खिडकीच्या चौकटीचा असतो तसा सरळ कोपरा. त्याच्या आडव्या बाजूवर तीन विती मोजल्या, उभ्या बाजूवर चार, आणि आग्नेसबाईंच्या हातात गाठींचा दोरा दिला. आग्नेसबाईंनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपा ताणला. बरोबर पाचव्या गाठीवर तो संपला. टीचरनी सांगितले की त्या तिरप्या बाजूला कर्ण म्हणतात. काटकोन धरून बसलेल्या दोन बाजूंवर दोन चौकोन उभारले तर दोघांचे मिळून जेवढे कापड होते, नेमके तेवढेच कापड कर्णावरच्या एका चौकोनाला लागते. त्यात ना जास्त ना कमी. शाळेत याला पायथागोरसचे प्रमेय म्हणतात.

"त्याला बहीण असणार," आग्नेसबाई म्हणाल्या, "म्हणून एवढा चोख हिशेब ठेवला."

आम्ही तिघी हसलो, परंतु काम अर्धेच झाले होते. पाच विती होणार हे कळले, पण कात्री कोठे लावायची? टीचरना शाळेतली एक आकृती अर्धवट आठवत होती. त्यांनी दोनदा काढून पाहिली, दोन्ही वेळा चुकली. पुढच्या रविवारी त्या ती शोधून, नीट समजून घेऊन आल्या. मला ती आता पाठ आहे, म्हणून येथे लिहिते.

दोन्ही चौकोन एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी ठेवायचे, डावीकडे चारचा आणि त्याला चिकटून उजवीकडे तीनचा. खालच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून तीन विती मोजून खूण करायची. त्या खुणेपासून एक रेघ मोठ्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला न्यायची आणि दुसरी लहान चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला. दोन्ही रेघा पाच पाच वितींच्या भरतात, कारण दोन्ही तीन-चारच्या काटकोनाचे कर्ण आहेत. या रेघांवर कापले की दोन त्रिकोण सुटतात. उजवीकडचा दोन्ही चौकोनांवर पसरलेला असतो, म्हणून तो दोन भागांत सुटतो. डावीकडचा उचलून लहान चौकोनाच्या डोक्यावर ठेवायचा, उजवीकडचा मोठ्याच्या डोक्यावर. तुकडे फिरवायचे नाहीत, उलटे करायचे नाहीत, नुसते सरकवायचे. एक तिरपा उभा चौकोन तयार होतो आणि जमिनीवर काहीच उरत नाही.

कागदाचे तुकडे जागच्या जागी बसले तेव्हा आग्नेसबाईंनी ते एकदा मोडून पुन्हा बसवले. मग त्यांनी विचारले की हे तीन-चारलाच लागते की सगळ्या मापांना? टीचर म्हणाल्या, काटकोन असेल तर सगळ्या.

मला त्यांचे फार मोठेपण वाटते ते या ठिकाणी. दुसरी कोणी असती तर घरी जाऊन कापड कापून मोकळी झाली असती. आग्नेसबाईंनी आईच्या कापडाला कात्री लावली नाही. त्यांनी कॅलेंडरची पाने घेतली आणि मनाला येतील त्या मापांचे लहानमोठे चौकोन केले, ज्यांना गाठींचा दोरा लावला तर माप दोन गाठींच्या मध्येच कोठेतरी पडे. तेही जुळले. मग त्यांनी मुद्दाम कोपरा फाकवून पाहिला, तर तिरपी बाजू लांबली. कोपरा आवळून पाहिला, तर ती आखडली. "कोपरा सरळ तरच खरं," असे त्यांनी मला पुढच्या रविवारी सांगितले. त्यांच्या स्वयंपाकघरात फरशीवर कागदांचे त्रिकोण पसरले होते आणि मांजर त्यांवर झोपत होते.

मग त्यांनी कापड घेतले. येथे त्यांचे स्वतःचे ज्ञान कामास आले. धाग्याच्या रेषेवर कापलेले कापड शांत राहते, पण तिरपे, म्हणजे उरेब कापले की ते ताणते आणि माप बिघडते. म्हणून दोन्ही तुकडे त्यांनी आधी वेगवेगळ्या अस्तरांवर कच्च्या टाक्यांनी बसवले, रेघांच्या दोन्ही अंगांना धावदोरा घातला आणि मगच कापले. तुकडे नव्या अस्तरावर मांडताना कडेवर कड चढवली नाही, कडेला कड भिडवली, म्हणजे शिलाईत काही जाणार नाही. चौकोन पाच वितींचा झाला. तुकडे नुसते सरकवलेले असल्याने लुगड्याच्या चौकड्या एकमेकींना अशा मिळाल्या होत्या की सांधा शोधावा लागे. फक्त सगळ्या चौकड्या तिरप्या धावत होत्या, जणू कापड चालायला लागले आहे. त्या पक्के टाके घालणार, तोच स्टेफीबाई आल्या.

तो रविवार होता. चर्चमधली मिस्सा झाल्यावर आग्नेसबाईंनी मला जेवायला बोलावले होते, म्हणून मी तेथे होते. स्टेफीबाई झालर घेऊन आल्या. ती पांढरीशुभ्र आणि इतकी बारीक होती की माझा हात तिला लावायला धजला नाही. त्यांनी पांघरूण पाहिले. आधी त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी झालर एका बाजूला लावली आणि चेहरा बदलला. झालर कोपरा ओलांडून पुढे दोन विती लोंबत होती. त्यांनी दुसरी बाजू पाहिली, तिसरी पाहिली. मग दोरा काढून गाठी मोजल्या.

आग्नेसबाई सांगू लागल्या की सात म्हणाले ती माझी चूक होती, बाजूंची बेरीज करायची नसते. स्टेफीबाईंनी त्यांना पुरते बोलू दिले नाही. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"सगळ्या गावाला चिंध्या परत देतेस ना, बाय? मग माझी का ठेवलीस?"

आग्नेसबाई खुर्चीवर बसल्या. स्टेफीबाई आता थांबेनात. तेव्हाही मोठा तुकडा तूच ठेवलास, मी काही बोलले नाही. आईचं केलंस म्हणून गप्प बसले. आता माझ्या एवढ्याशा तुकड्यातूनही घेतलंस. जेसिकाला मी काय सांगू?

मला राहवले नाही. मी नऊ आणि सोळा पंचवीस असे काहीतरी बोलू लागले. स्टेफीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा, विमलाबाई. मला माझं कापड दाखवा." आणि मला असे वाटते की त्या क्षणी त्या बरोबर बोलत होत्या.

आग्नेसबाई उठल्या. त्यांनी पांघरूण टेबलावर पसरले, कच्च्या टाक्याचे टोक नखाने उचलले आणि ओढले. सगळा दोरा सळसळत निघून आला. इतक्या दिवसांचे काम एका ओढीत सुटे झाले. मग त्या टेबलापासून दूर झाल्या, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "मी हात लावत नाही. तूच लाव. वरचे दोन त्रिकोण खाली आण."

स्टेफीबाईंनी एक तुकडा उचलला, पुन्हा खाली ठेवला. त्यांना काही सुधरत नव्हते. आग्नेसबाई लांबूनच सांगत होत्या : फिरवू नकोस, नुसता सरकव. मग डावीकडच्या वरच्या त्रिकोणाचे दोन भाग खाली उतरले. त्यांतला मोठा भाग उजवीकडे जाऊन बसला आणि एक चौकोन पुरा झाला. स्टेफीबाईंनी दोरा लावला. तीन गाठी. दुसऱ्या बाजूने तीन गाठी. कापडाच्या एका कडेला जेसिकाने लहानपणी पाडलेला शाईचा डाग होता, तोही तेथेच होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. मग न सांगता त्यांनी उरलेले तुकडे जुळवले. मोठा चौकोनही उभा राहिला. चार गाठी. टेबलावर आईच्या लुगड्याचे दोन तुकडे जसे वाटले होते तसे होते आणि बाजूला धाग्याचे एक तूससुद्धा नव्हते.

"पण मग सात कुठं गेले?" त्यांनी विचारले. आता तो आरोप नव्हता, प्रश्न होता.

आग्नेसबाईंनी लहान चौकोन मोठ्याच्या कोपऱ्याला तिरपा भिडवून ठेवला आणि दोन मोकळ्या जागा दाखवल्या. सात होते, त्या म्हणाल्या, पण त्यात एवढी भोकं होती. मी भोकं मोजली नाहीत. ती चूक माझी, कापडाची नाही.

स्टेफीबाईंनी त्या दोन्ही मोकळ्या जागा स्वतःच्या वितीने मोजल्या. मग त्यांनी स्वतःच त्रिकोण पुन्हा वर सरकवायला घेतले. त्यांचा तुकडा बहिणीच्या चौकोनाच्या डोक्यावर गेला, बहिणीचा तुकडा त्यांच्या चौकोनाच्या डोक्यावर आला.

"म्हणजे मी तुझ्या डोक्यावर बसले," त्या म्हणाल्या.

"आणि मी तुझ्या. नेहमीचंच आहे," आग्नेसबाई म्हणाल्या.

मोठा तुकडा स्वतःकडे ठेवला ते तेव्हा विचारून ठेवायला हवे होते, एवढे आग्नेसबाई पुढे बोलल्या. स्टेफीबाईंनी मान हलवली. त्या विषयावर माझ्यासमोर याहून अधिक बोलणे झाले नाही. भात निवत चालला होता आणि रश्श्यावर साय धरली होती, पण जेवायचे कोणालाच आठवत नव्हते. झालरीचा जास्तीचा भाग कापायचा का, असे मी विचारले, तेव्हा दोघी एकदम नाही म्हणाल्या. कोपऱ्याकोपऱ्यांत चुण्या घालून ती सगळी बसवायची ठरली, आणि मी बाप्तिस्म्याच्या दिवशी पाहिले, तशीच ती बसवली होती.

स्टेफीबाईंनी तुकडे कडेला कड भिडवून पुन्हा मांडले. सर्व चौकड्या मिळाल्या. आग्नेसबाईंनी लाल दोरा घेतला, खिडकीपाशी जाऊन तो सुईत घालायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग सुई व दोरा दोन्ही धाकट्या बहिणीच्या हातात ठेवून त्या म्हणाल्या :

"स्टेफी, लालावर लाल दोरा मला आता दिसत नाही. पक्के टाके तू घाल."